घरच्या गाडीसाठी ग्रीस गन निवडताना: आधी निपल पाहा, मग दुकानात जा

घरी ग्रीस गन घ्यायची ठरली की नागपूरचा माणूस सरळ इतवारीत लोहा ओळीत जातो आणि "चांगल्यातली दाखवा" म्हणतो. दुकानदार दाखवतोही. पण कोणती गन चांगली, हे दुकानात ठरत नाही. ते तुमच्या गाडीखाली ठरतं. निपल, म्हणजे गनने ग्रीस आत भरायची बारीक तोंडं, किती आहेत, कोणत्या आकाराचे आहेत, तिथवर हात पोहोचतो का आणि कोणतं ग्रीस लागतं, एवढं माहीत असेल तर दुकानात फार वेळ लागत नाही. माहीत नसेल तर महागडी गनही कोपऱ्यात पडून राहते, कारण तिचं तोंड निपलवर नीट बसत नाही. म्हणून या लेखात आधी गाडी घेतली आहे, मग ग्रीस, आणि त्यानंतर गन.

गाडीला गन लागते का?

अल्टो, स्विफ्ट किंवा तशा छोट्या कारसाठी गन घेऊ नका. त्यांचे बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि चाकांचे बेरिंग सीलबंद येतात, निपल नसतोच. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या असल्यामुळे खालून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्टही नसतो. सांध्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटला तर तो पार्ट किंवा बूट बदलायचा, गनचं तिथं काम नाही.

मोटारसायकलचंही जवळजवळ तसंच. हँडलच्या कोनसेटमध्ये ग्रीस लागतं, पण ते खोलून बोटाने भरायचं. साखळीला अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत ९० नंबरचं गिअर ऑइल सांगितलेलं असतं. साखळीवर थापलेलं घट्ट ग्रीस लिंकच्या आत शिरत नाही, वरची धूळ मात्र धरून ठेवतं. काही जुन्या बाइकच्या स्विंग आर्मला निपल असतो. तेवढ्या एका निपलसाठी छोटी पुश गन पुरते.

खरी गरज आहे ती मागच्या चाकांवर चालणाऱ्या दणकट गाड्यांना: जीप, बोलेरोच्या जातीच्या गाड्या, पिकअप. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांध्यातले अधिक चिन्हासारखे तुकडे), त्याचा सरकता जोड, कमानीच्या शॅकल पिना इथं बऱ्याच मॉडेलमध्ये निपल असतात. त्याहून जास्त गरज ट्रॅक्टर, ट्रॉली आणि रोटाव्हेटरला. नागपुरात घर आणि काटोल, नरखेड, सावनेर किंवा उमरेडकडे वावर असलेली कुटुंबं भरपूर आहेत. अशा घरात एकच गन दोन्हीकडे फिरते, आणि निवड करताना ट्रॅक्टरचा विचार आधी करावा लागतो, कारण सगळ्यात जास्त निपल त्याच्याकडेच.

गाडीखाली एक तास

इंजिन बंद, चावी खिशात, चाकाला ओट (अडसर), हातात टॉर्च, डिझेलने ओलं केलेलं फडकं आणि पांढरा खडू. निर्मात्याच्या पुस्तिकेत ग्रीसिंगचा तक्ता असतो, तो उघडून समोर ठेवा आणि एकेक निपल शोधा. काळ्या मातीत चाललेल्या ट्रॅक्टरवर निपल दिसतच नाही; तो मातीच्या ढेकळाखाली वाळलेला असतो. खरवडा, पुसा, शेजारी खडूने खूण करा. पुढचा अ‍ॅक्सल, त्याची मधली पिन, किंगपिन, टाय रॉड, क्लच आणि ब्रेकच्या पेडलचा शाफ्ट, अवजार जोडायची मागची थ्री पॉइंट लिंकेज, अवजाराला ताकद देणाऱ्या पीटीओ शाफ्टचे दोन्ही क्रॉस, ट्रॉलीचे हब, एवढं तरी पाहाच. सापडलेले निपल मोजून वहीत लिहा.

आता आकार. बहुतेक गाड्यांवर गोल डोक्याचा, मधोमध बारीक गोळी असलेला निपल असतो. परदेशी पुस्तिकांत यालाच 'झर्क' म्हटलेलं दिसेल. त्याचे आटे एम ६, एम ८, एम १० किंवा १/८ इंच असे वेगवेगळे असतात, पण वरचं डोकं एकाच मापाचं, त्यामुळे एकच कपलर, म्हणजे गनचं निपलवर बसणारं तोंड, सगळ्यांवर बसतो. आट्याचं माप फक्त निपल बदलताना लागतं. दुसरा प्रकार रुंद, चपट्या डोक्याचा. तो जड मशिनरीवर दिसतो आणि त्याला वेगळं तोंड लागतं. तिसरा पृष्ठभागाच्या आत बुडालेला, त्याला टोकदार नोझल लागतं. पहिल्याशिवाय दुसरं काही दिसलं तर वहीत ठळक लिहा.

यापुढचं काम माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच राहून जातं. प्रत्येक निपलपर्यंत अंगठा आणि दोन बोटं नेऊन पाहा. बोटं पोहोचली आणि थोडी हलली, तर लवचीक नळीवरचा कपलर तिथं बसेल. बोटं पोहोचत नाहीत, पण समोरून सरळ दिसतं, अशी जागा असेल तर लोखंडी सरळ पाईप लागेल. क्रॉसचा निपल दोन फाट्यांच्या बेचक्यात असतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून शाफ्ट हाताने फिरवला की तो समोर येतो, पण काही शाफ्टवर तरीही कपलरचं तोंड आडवं येतं. तिथं बारीक तोंडाचं किंवा ९० अंशांचं अ‍ॅडाप्टर लागतं. ही नोंद हातात असली की दुकानात काय मागायचं, हे आपोआप ठरतं.

ग्रीस आधी ठरवा

ग्रीसच्या डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या: साबणाचा आधार (तेल घट्ट करणारा घटक, जसं लिथियम किंवा कॅल्शियम) आणि एनएलजीआय नंबर. नंबर फक्त घट्टपणा सांगतो. २ नंबरचं ग्रीस मऊ, ३ नंबरचं त्याहून घट्ट. दुकानात 'एपी ३' म्हणून जे मिळतं, ते या ३ नंबरचं.

इथं आपल्याकडे एक समज पक्का बसलेला आहे. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो, म्हणून घट्टच ग्रीस हवं, असं अनेक मिस्त्री सांगतात. उष्णता सोसणं आणि घट्टपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. उष्णतेसाठी ड्रॉपिंग पॉइंट पाहायचा, म्हणजे ज्या तापमानाला ग्रीस वितळून थेंब पडू लागतो तो अंक. साध्या कॅल्शियम ग्रीसचा तो साधारण १०० अंशांच्या आसपास असतो, लिथियमचा १८० च्या पुढे आणि लिथियम कॉम्प्लेक्सचा बहुधा २५० च्या वर. म्हणजे नवतप्यातल्या उन्हानेही लिथियम ग्रीसला काही होत नाही, मग ते २ नंबरचं असो वा ३ नंबरचं.

गनच्या दृष्टीने मात्र नंबरने मोठा फरक पडतो. ३ नंबरचं ग्रीस गनच्या बॅरलमध्ये जड सरकतं, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तर पिस्टनचा स्प्रिंग त्याला पुढे ढकलताना अडखळतो आणि मध्ये हवा राहते. म्हणून पुस्तिकेत ३ नंबर स्पष्ट सांगितला नसेल, तर गनसाठी २ नंबरचं लिथियम ईपी (जास्त दाब सोसणारं) ग्रीस घ्यावं. हाताने भरायच्या चाकांच्या बेरिंगसाठी ३ नंबर ठेवा. डिस्क ब्रेकच्या गाडीत हब जास्त तापतो, तिथं लिथियम कॉम्प्लेक्स. मोलिब्डेनम मिसळलेलं काळं ग्रीस वजनाखाली हळू हलणाऱ्या पिनांना छान चालतं, वेगाने फिरणाऱ्या बेरिंगमध्ये ते घालू नका.

आधी कोणतं ग्रीस भरलेलं होतं, याचाही विचार करावा. लिथियम आणि पॉलीयुरिया किंवा मातीच्या आधाराचं ग्रीस एकत्र आलं तर मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकतं. रंगावरून ओळखायला जाऊ नका, रंग कंपनी घालते. डब्यावरचं लिहिलेलं वाचा.

आता ते कशात मिळतं, तेही बघा. परदेशी व्हिडिओंमध्ये ४०० ग्रॅमचं कार्ट्रिज (ग्रीसची तयार भरलेली नळी) घालतात आणि काम सुरू करतात. आपल्याकडे कार्ट्रिज मिळतं, पण प्रत्येक दुकानात नाही आणि हव्या त्या ग्रीसचं तर क्वचितच. सुटं ग्रीस, अर्धा किंवा एक किलोचा डबा, मोठी बादली हेच सहज मिळतं. त्यामुळे फक्त कार्ट्रिजवर चालणारी गन कितीही देखणी असली तरी टाळा. सुट्या ग्रीसवर आणि कार्ट्रिजवर, दोन्हीवर चालणारी घ्या.

गनचे प्रकार आणि माझं मत

लिव्हर गनमध्ये एका हाताने बॅरल धरायचं आणि दुसऱ्याने लांब हँडल दाबायचं. दाब भरपूर मिळतो. अनेक गनवर १०,००० पीएसआयपर्यंतचा (पीएसआय हे दाबाचं माप) आकडा छापलेला असतो. बंद पडत नाही, बिघडली तर इतवारीत दुरुस्त होते. घरच्या वापरासाठी दहापैकी नऊ जणांना हीच घ्या म्हणून सांगेन. अडचण एकच: दोन्ही हात गुंततात, त्यामुळे कपलर निपलवर स्वतःहून टिकला पाहिजे. तो न टिकणारा असेल तर दुसरा माणूस शोधावा लागतो.

पिस्तूल पकडीची गन एका हाताने चालते, दुसरा हात कपलर धरायला मोकळा राहतो. पिकअपखाली पाठीवर झोपून पाच-सात निपल करायचे असतील तर हीच सोयीची. पण ट्रॅक्टर, ट्रॉली आणि रोटाव्हेटर मिळून वीस-पंचवीस निपल झाले की मनगट भरून येतं.

बॅटरी गन, मकिताची १८ व्होल्टची असते तशी, काम फार सोपं करते. ज्याच्याकडे त्याच कंपनीचं ड्रिल आणि बॅटऱ्या आधीच आहेत आणि हंगामात रोज ग्रीसिंग करावं लागतं, त्याने जरूर विचार करावा. एका गाडीच्या घराला तो खर्च परवडण्यासारखा नाही, आणि आणखी एक धोका आहे: निपल पुढे ग्रीस घेत नाही, हे लिव्हर गनमध्ये हाताला लगेच कळतं, बॅटरी गनमध्ये तसं कळत नाही आणि सील फुटतो. हवेवरची गन कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजसाठी, बादली पंप वाडीसारख्या ट्रकच्या वस्तीत शोभतो. घरासाठी दोन्ही नको. ढकलून चालणारी छोटी पुश गन एक-दोन निपलांपुरती.

दुकानात काय तपासायचं

घरून निघताना गाडीचा एक जुना निपल खिशात टाका. जुना नसेल तर दुकानात पोचल्यावर पहिल्यांदा चार-पाच नवे निपल घ्या, ते तसेही लागणारच आहेत. गन हातात आली की कपलर त्या निपलवर दाबा. 'टक' करून बसला पाहिजे, आणि निपल हातात धरून नळी सोडली तर कपलर लटकून राहिला पाहिजे. मग तिरका करून ओढल्यावर सुटला पाहिजे. इथं गन नापास झाली तर बाकी काही पाहू नका. कपलरच्या आत तीन किंवा चार पाकळ्या असतात. झिजल्या की ग्रीस बाजूने गळतं, म्हणून कपलर वेगळा विकत मिळतो का, हेही विचारून घ्या. चिमटा दाबून पकडणारा लॉक कपलर मिळाला तर थोडे जास्त पैसे देऊन घ्या. लिव्हर गनची मोठी उणीव त्याने भरून निघते.

मग नळी. गनसोबत बहुधा छोटा लोखंडी पाईप मिळतो. त्याशिवाय ३०० ते ४५० मिलिमीटरची लवचीक नळी घ्या, पण ती जाड भिंतीची आणि वर कामाचा दाब छापलेली असू द्या. नळीच्या आट्यांवर लक्ष द्या. १/८ इंची बीएसपी आणि १/८ इंची एनपीटी दिसायला सारखे असतात, पण पहिल्यात इंचाला २८ आटे असतात आणि दुसऱ्यात २७. जबरदस्तीने बसवलं तर बसतं, आणि दाब आल्यावर तिथूनच गळतं. गन, नळी आणि कपलर एकाच दुकानात एकमेकांना जोडून पाहूनच पैसे द्या.

बॅरल आणि डोकं वेगळं करायला सांगा. आटे हाताने, न अडखळता, पूर्ण बसले पाहिजेत. डोकं ओतीव लोखंडाचं किंवा पोलादाचं असेल तर उत्तम. हलक्या मिश्रधातूचं डोकं हँडलच्या पिनपाशी लवकर रुंदावतं. मागचा दांडा ओढा, तो बाहेर अडकून राहतो का पाहा. आत पिस्टनला रबराची वाटी असते. दोन्ही प्रकारे चालणाऱ्या बऱ्याच गनमध्ये ही वाटी एका बाजूने सुट्या ग्रीससाठी आणि उलटवली की कार्ट्रिजसाठी असते. कोणती बाजू कशासाठी, हे दुकानदाराला करून दाखवायला लावा. डोक्यावर हवा सोडायचा छोटा व्हॉल्व्ह हवाच. तो नसलेली गन घेऊ नका.

ग्रोझसारख्या नावाजलेल्या कंपनीची गन घेतली तर सुटे भाग मिळतात, हा फायदा खरा. बिननावाची गनही वरच्या सगळ्या तपासण्या पास झाली तर चालेल.

पहिल्यांदा भरताना

डोकं काढा. मऊ ग्रीस असेल तर बॅरलचं उघडं तोंड डब्यात खोल दाबून दांडा हळू मागे ओढून अडकवला तरी ग्रीस आत खेचलं जातं. घट्ट असेल तर दांडा आधीच पूर्ण मागे ओढून अडकवा, पातळ पट्टीने थोडं थोडं भरा आणि दर थराला बॅरलचं बूड लाकडाच्या फळीवर आपटा, म्हणजे मधली हवा वर येते. पट्टी, डबा, हात स्वच्छ. एक चिमूट काळी माती आत गेली तरी बेरिंगमध्ये ती पॉलिश पेपरचं काम करते.

डोकं बसवा, पण शेवटचे दोन-तीन आटे सैल ठेवा. दांडा सोडून स्प्रिंग पुढे येऊ द्या, हवेचा व्हॉल्व्ह दाबा, ग्रीस डोक्यापाशी दिसलं की आटे पूर्ण आवळा आणि कपलरमधून अखंड ग्रीस येईपर्यंत पंप मारा. हँडल हलकं चाललं आणि काहीच आलं नाही, तर गन खराब नाही. आत हवा अडकली आहे. पुन्हा व्हॉल्व्ह दाबा.

आता गनचं माप काढा. कागद वजनकाट्यावर ठेवून काटा शून्य करा, वीस पंप मारा आणि वजनाला वीसने भागा. लिव्हर गन साधारण एका पंपात एक ग्रॅमच्या मागेपुढे देते, पण प्रत्येक गनचा आकडा वेगळा. तो बॅरलवर पक्क्या पेनाने लिहून ठेवा. पुस्तिकेत ग्रॅममध्ये दिलेलं असलं की अंदाज करावा लागत नाही.

प्रत्यक्ष ग्रीसिंग

एक गोष्ट मनापासून सांगतो: दाबाखाली असलेली नळी हाताच्या मुठीत धरू नका. नळीला सुईएवढं भोक पडलं तरी ग्रीस कातडीखाली घुसतं. बाहेरून फक्त टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही, आणि आतलं बोट मात्र सडू लागतं. असं झालं तर घरी उपाय करत बसू नका, त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात जा आणि 'दाबाने ग्रीस आत गेलं' असं स्पष्ट सांगा. याला शस्त्रक्रिया लागते. नळीवर स्प्रिंगचं आवरण असेल तर तिथं धरा, नाहीतर कपलर आणि गन धरा.

निपल पुसा, गनमधून थोडं ग्रीस बाहेर काढून कपलरचं तोंडही पुसा. सरळ रेषेत दाबून बसवा आणि हळू पंप मारा. कुठं थांबायचं, हे जागेवर अवलंबून आहे. क्रॉसमध्ये चारही वाट्यांच्या कडेने नवं ग्रीस डोकावलं की थांबा; तीन बाजूंनी आलं आणि चौथी कोरडी राहिली तर शाफ्ट फिरवून पुन्हा प्रयत्न करा. किंगपिन आणि कमानीच्या पिनांत जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. बूट असलेल्या बॉल जॉइंटमध्ये बूट जरासा फुगला की लगेच थांबा, तो फुटला तर सगळं वाया गेलं. हबमध्ये जास्त भरलं तर ग्रीस सील ओलांडतं, आणि ब्रेक असलेल्या चाकात ते लायनरवर जातं. तिथं पुस्तिकेतल्या मापापलीकडे एकही पंप नको.

निपल ग्रीस घेत नसेल तर जोर लावू नका. आधी निपल काढून नवा बसवा, बहुतेक वेळा गोळीच अडकलेली असते. तरीही गेलं नाही तर भार काढा: पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घ्या, खाली घोडी लावा, स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवत हळू पंप मारा. वजनाखाली दबलेली बाजू मोकळी झाली की वाट सापडते. कपलर अडकला तर सरळ ओढू नका, निपल तुटेल. गन बाजूला तिरकी करा, दाब सुटला की तो निघतो.

किती दिवसांनी, याचं उत्तर पुस्तिकेतला तासांचा आकडा. पण रामटेक, मौद्याकडे भाताच्या चिखलणीत ट्रॅक्टर उतरला, तर आकडा बाजूला ठेवा आणि त्याच संध्याकाळी पुढच्या अ‍ॅक्सलला ग्रीस मारा, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर ढकललं जाईल. धुतल्यावरही तेच करा.

ठेवताना

काम झालं की दांडा मागे ओढून अडकवून ठेवा. स्प्रिंगचा दाब सतत राहिला तर ग्रीसमधलं तेल सुटून कपलरमधून ठिबकतं. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये किंवा गच्चीवर गन ठेवली तर हे फार लवकर होतं, म्हणून घरातली सावलीची जागा पाहा. कपलरवर टोपण किंवा स्वच्छ प्लॅस्टिक बांधा, गन आडवी ठेवा. दुसऱ्या प्रकारचं ग्रीस लागत असेल तर त्यासाठी वेगळी गन घ्या आणि दोन्हींवर रंगाची पट्टी मारा. एकच गन धुऊन बदलत बसण्यात अर्धा दिवस जातो आणि तरी आत जुनं ग्रीस उरतंच. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, डोकं उघडून आतली गोळी आणि स्प्रिंग डिझेलने धुवा, कोरडं करा, रबरी वाटीच्या कडा बोटाने तपासा. कड कडक झाली असेल किंवा चिरली असेल तर वाटी तेवढी बदला.